प्रवासी संख्या: एक

"दिवस पहिला. पहाटे साडेपाच, प्रस्थान. सात दहा, लघवी. पंधरा मिनिटं." मल-सुनने चष्मा कपाळावर सारला. "अहो, सोराचे बाबा, मला सात दहाला नाही लागली तर?"

"लागते," ग्वांग-इल म्हणाला. "सगळ्यांना लागते."

इंचॉनच्या एका सहल कंपनीची बस एकतीस वर्षं चालवून प्यो ग्वांग-इल गेल्या वसंतात निवृत्त झाला होता. माणसाच्या मूत्राशयाबद्दलचं त्याचं मत खोडून काढण्याची कुणाची टाप नव्हती. घरी येताना त्याने कंपनीचे कोरे फॉर्म उचलून आणले होते. त्यातल्याच एकावर हा पाच दिवसांचा बेत उतरला होता: डोंगर, पूर्वेचा किनारा, आंदोंग, ग्योंगजू, बुसान आणि परत.

मल-सुन बावीस वर्षं एका सूपाच्या खानावळीत डुकराची आतडी धूत आली होती. मालकाने स्वयंपाकघराची फरशी उखडायला काढली, म्हणून तिला पाच दिवसांची सलग सुट्टी मिळाली होती. जन्मात पहिल्यांदा. नेमकी त्याच आठवड्यात बाजारातल्या बायकांच्या भिशीची बस निघत होती. भिशीवाल्या मा बाईंना आज दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. "बसने कशाला मरतेस? मी नेतो की गाडीने," असं नवरा म्हणाल्यामुळे ती आठवडाभर त्यांना टोलवत होती.

"सोराक पर्वतात बघण्यासारखं काय आहे हो?"

"चिखल."

"चिखल?"

"ऑक्टोबरात त्याला पानं चिकटलेली असतात. नुसतं पुसून जात नाही, खरवडावा लागतो."

"आणि गांगनुंगला?"

"वाळू. सीटच्या फटीत जाते ती महिनाभर निघत नाही. शिवाय कच्चा मासा पचत नाही लोकांना. बुसानपेक्षा गांगनुंगचे जास्त ओकतात."

"ग्योंगजूचं बुल्गुक मंदिर तरी?"

ग्वांग-इलने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "चढ असावा. परत येतात तेव्हा काखा भिजलेल्या असतात."

तो थापा मारत नव्हता. यातल्या प्रत्येक ठिकाणी तो शेकडो वेळा गेला होता, म्हणजे तिथल्या वाहनतळावर. लोक खाली उतरले की तो बस झाडायचा, हॉटेलच्या मागच्या खोलीत इतर चालकांबरोबर फुकटचं जेवायचा आणि तोंडावर टॉवेल टाकून झोपायचा. देशाचा भूगोल त्याने लोकांच्या बुटांच्या तळव्यांवरून आणि पोटातून बाहेर पडलेल्या ऐवजावरून पाठ केला होता. परतीच्या वाटेवर सोजू दारूची तिसरी बाटली फिरली की साठीच्या बायका मधल्या वाटेत नाचायला लागायच्या. पुढे पोलीस दिसला की ग्वांग-इल एकदा खाकरायचा. चाळीस ढुंगणं एकदम सीटवर आदळायची आणि चाळीस चेहरे शोकसभेला बसल्यासारखे व्हायचे. पोलीस मागे पडला की पुन्हा सुरू. त्या घामाचा, सुक्या माकूळ माशाचा आणि आंबट ओकारीचा मिळून जो वास होतो, त्याला ग्वांग-इल 'पर्यटन' म्हणत असे.

मल-सुनने कागद उलटला. वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला.

"मुक्काम, सोकचो. पाहुणे: दुसरा मजला, समुद्राची बाजू. चालक: तळमजला, मागची खोली." ती थांबली. "मुक्काम, आंदोंग. पाहुणे... चालक... अहो, चारही रात्री?"

ग्वांग-इलने कागद ओढून घेतला. अक्षर त्याचंच होतं. चारही लॉजवाले जुन्या ओळखीचे. फोनवर ते म्हणाले होते, "नेहमीसारखंच ना?" हाही म्हणाला होता, "नेहमीसारखंच." कागदाच्या डोक्यावर, प्रवासी संख्येच्या चौकटीत, त्याने ठसठशीत एकचा आकडा काढला होता.

"फॉर्मच तसा आहे," तो म्हणाला.

मल-सुन ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फोन उचलला.

"कुणाला लावतेस?"

"मा बाईंना. पावणेबारा झालेत."

"त्या बसने जाऊ नकोस. आत काय किळसवाणं चालतं ते मला विचार."

"बसमध्ये काय चालतं ते तुम्हाला माहितीये. बसबाहेर काय आहे ते माहितीये का? वाळू आणि चिखल!" फोन वाजत होता. "तिथे निदान कुणीतरी माझ्याबरोबर खाली उतरेल."

पलीकडून मा बाईंचा "बोला!" टेबलापर्यंत ऐकू आला. ग्वांग-इलने पेन उचललं. चालकाच्या चारही ओळींवर काट मारली, एकाचे दोन केले आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"उतरेन," तो म्हणाला. दाढ काढायला होकार द्यावा तसा.

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

मल-सुनने कागदाकडे नीट पाहून घेतलं. "मा बाई, माझी सीट दुसऱ्या कुणाला तरी द्या... नाही हो, तब्येत ठणठणीत आहे त्यांची. खाली उतरणार म्हणतायत."

सहलीच्या पहिल्या दिवशी सोराकच्या पायथ्याशी ते साडेनऊला पोचले. सात दहाला मल-सुनला लागली होती. हे त्याने बोलून दाखवलं नाही, फक्त घड्याळाकडे पाहिलं. गाडी थांबताच त्याचा हात सवयीने सीटखालच्या फडक्याकडे गेला. मल-सुन बाहेर दार धरून उभी होती.

पलीकडच्या बसमधून एका चालकाने हाक मारली. "थोरले दादा! आज कुठला ग्रुप?"

"ग्रुप नाही. बायको."

"मग वहिनींना जाऊ द्या वर, तुम्ही या मागे जेवायला. आज ऐसपैस बसायला जागाय!"

ग्वांग-इलने त्या मागच्या दाराकडे क्षणभर पाहिलं. "आज पुढे, पाहुण्यांत बसायचंय," असं म्हणून त्याने गाडीला कुलूप लावलं.

वरची वाट त्याच्या अपेक्षेइतकीच भिकार निघाली. पुढे एकजण रेडिओ लावून चालला होता. कुणी उकडलेली अंडी सोलून टरफलं पायऱ्यांवर टाकत होतं. एका बाईच्या अत्तराचा वास येताच त्याने नाकावर रुमाल धरला. दर वीस पावलांवर तो मागे वळून गाडी जागेवर आहे ना, हे बघायचा. मग झाडं आड आली आणि गाडी दिसेनाशी झाली.

धबधब्याजवळ मल-सुन कठड्याला टेकली. तोही टेकला.

"काय बघायचं?"

"बघायचं म्हणजे बघायचं."

त्याने पाहिलं. कातळ होता, लाल पानं होती, पाणी वरून खाली येत होतं. "बरंय," तो म्हणाला. तक्रार नोंदवल्यासारखा.

खाली आले तेव्हा दोन तास उलटून गेले होते. बेतातली चाळीस मिनिटं केव्हाच संपली होती आणि कुणी हॉर्न वाजवला नव्हता. ग्वांग-इल दार उघडून सीटवर बाजूला वळून बसला, पाय बाहेर ठेवून. उजवा पाय उचलून त्याने तळवा पाहिला. काळा चिखल, त्यात मेपलचं एक पान, तंतोतंत तसंच.

मल-सुनने सीटखालून फडकं काढून त्याच्यापुढे धरलं. त्याने ते घेतलं, चार घड्या घातल्या आणि मांडीवर ठेवलं.

"निघायचं ना?" तिने विचारलं.

"जरा बस इथे."

शेजारच्या बसमध्ये माणसं चढत होती. चालक दारात उभा राहून एकेकाच्या बुटांकडे बघत होता. ग्वांग-इलने आपले पाय तसेच बाहेर, उन्हात ठेवले.