खटखट्याला लागली मखमल

मी एक जुना लाकडी खटखट्या आहे. एक फळी, तिला बिजागरीने जोडलेला हातोडा आणि धरायला मूठ, एवढाच माझा संसार. मित्रांनो, तुम्ही मला ओळखत नसाल. वर्षभर मी चर्चच्या कपाटात मेणबत्त्यांच्या खोक्यामागे पडून असतो. उपवासकाळ सरत आला, प्रभू येशूच्या दुःखाचे आणि मरणाचे दिवस आले, की घंटा गप्प होते आणि तीन दिवस माझी पाळी येते.

चर्चचे बाक करून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला घडवले. माझा आवाज कोरडा, खडबडीत. लग्नाला, बाप्तिस्म्याला घंटेचे कौतुक होई तेव्हा मला हेवा वाटायचा, खोटे कशाला सांगू? पण एकदा फादर मुलांना सांगत होते, येशूही सुताराच्याच घरचा. लाकूड आणि खिळे लहानपणापासून त्याच्या ओळखीचे, आणि शेवटी तेच त्याच्या वाट्याला आले. तेव्हापासून मी माझ्या कामावर खूश आहे.

मला वाजवतात घंटावाले काका. माणूस कामसू, पण राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांची बोलणी खाऊन काकूंनी चर्चमध्येच कितीदा तरी डोळे पुसलेले मी कपाटाच्या फटीतून पाहिलेत.

एका वर्षी काकूंनी मला कौतुकाने पुसले, तेल पाजले आणि आपटून आपटून लाकूड झिजते म्हणून हातोड्याखाली मखमलीचा जाड तुकडा चिकटवला. मला काय, छान मऊ वाटले!

गुड फ्रायडेला दुपारी तीनला चर्च गच्च भरले होते. खिळे ठोकणाऱ्यांनाही येशूने क्षमा केली, हे वाचून फादर मरणाच्या प्रसंगापाशी आले आणि गुडघे टेकून थांबले. आता मी वाजायचे. काकांनी मला हलवले. फुस्. पुन्हा हलवले. फुस्. मागे कोणीतरी खुदकन हसले आणि काकांचे कान लाल झाले.

चौथ्या बाकावरून काकू उठल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, मीच चिकटवलंय ते. झिजत होता ना, म्हणून."

आता काकूंची धडगत नाही, असे मला वाटले. काका बराच वेळ समोरच्या क्रूसाकडे बघत राहिले. मग त्यांनी मला अलगद खाली ठेवले आणि बोटांच्या पेरांनी बाकावर ठोकले. ठक, ठक. काकूंनीही आपल्या बाकावर ठोकले. मग सगळे चर्च ठोकू लागले. ते बाक माझेच भाऊबंद! माझा आवाज एवढा मोठा मी कधीच ऐकला नव्हता. मला भरून आले.

संध्याकाळी काकांनी मखमल सोडवली. फेकणार, असे वाटले. त्यांनी ती काकूंपुढे धरली.

"ही मुठीला लाव. हाताला बोचतं."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर जपा, तेलपाणी करा. पण माझा खडबडीत आवाज तसाच राहू द्या, त्या दुपारी तो ऐकू यायलाच हवा. आणि मायेपोटी कोणाची चूक झाली, तर तोंड उघडण्याआधी काकांसारखे जरा थांबा.

मखमल अजून माझ्या मुठीवर आहे. काकू मात्र आता चौथ्या बाकावर बसत नाहीत. त्या पहिल्या बाकावर, काकांच्या शेजारी बसतात.