बत्तीसात एक, चारात एक

भद्रावतीजवळच्या आमच्या गावात मी नऊ वर्षांपासून आशाताई आहो. घरोघरी जाऊन एकाच गोष्टीसाठी डोकं खाते, लग्न जमवायच्या आधी दोघांचं सिकलसेलचं कार्ड पाहा बाई, रक्ताचा आजार आहे. आमच्या बौद्धांत कुंडली नाई पाहत, मंग कार्ड पाहाले काय जाते? आन् मीच शहाणी, नागसेन मास्तरच्या गोड बोलण्यावर भाळली आन् लग्न करून बसली. त्यायचं रक्त तपासलंच नाई. दोघांच्याई रक्तात निघालं, आमाले तरास नाई पण लेकीले पुरा आजार. आमची खुशबू सहा वर्षांची आहे, हाडं दुखतात म्हणून अर्धी शाळा बुडते.

दुसऱ्यांदा दिवस गेले तवा डॉक्टरीणबाई म्हणाली, धोका चारात एक. चौथ्या महिन्यात पोटातलं पाणी नागपूरले तपासाले दिलं.

तो दोन हजार पंचवीसचा फेब्रुवारी. तवाच तो लघुग्रह गाजून राह्यला होता. साठेक मीटरचा दगड, २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता बत्तीसात एक, आन् धोक्याच्या पट्ट्यात आपला देशई. खाणीत सुरुंग उडाला का शाळेतली पोरं म्हणत, पडला. मास्तर विज्ञान शिकवतात, त्यायले तर ऊतच आला. म्हणे, माहिती वाढते तसा अंदाजाचा पट्टा बारीक होते. पृथ्वी त्यात आहे तोवर टक्का वाढतच जाते, आन् एक दिवस ती बाहेर पडली का खल्लास, शून्य. आपलंई तसंच होईन म्हणे. मले असा राग आला. म्हटलं, आपलं लग्नाच्या दिवसापासून चारात एकच आहे, ते काऊन कमी होईन? पण खरं सांगते, त्यायच्या मोबाईलवर मीई रोज टक्का पाहत होती.

त्या मंगळवारी मास्तर पेढे घेऊनच घरी आले. टक्का जवळजवळ शून्यावर आला होता. खुशबूच्या हातावर पेढा ठेवला, तेवढ्यात नागपूरचा फोन आला. बाळाले तोच आजार होता.

मास्तरनं पेढ्यांचा डबा झाकला. म्हणाले, "पुन्हा एकदा तपासून पाहू काय?"

"तो दगड करोडो किलोमीटरवर होता जी. हे माह्या पोटात आहे."

ठेवायचं का नाई, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. दुसऱ्या कोणाच्या घरी असती तर मी दहा गोष्टी समजावून सांगितल्या असत्या. खुशबू माह्या मांडीवर पाय ठेवून चेपून घेत होती आन् सारं ऐकत होती.

"आई, बाळ माह्यावानीच आहे काय?"

मी हो म्हटलं. ती इतकी खूश झाली.