बाजारची मराठी

काळा स्पंजचा गोळा. मुठीत धरला की नाहीसा होतो, मूठ उघडली की पुन्हा फुगतो. मायक्रोफोनच्या तोंडावरचं हे टोपडं देविदास सकाळपासून दाबत होता, सोडत होता. मायक्रोफोन उघड्या तोंडानं बाजेवर पडलेला, आणि त्याच्या पलीकडे आई तुरीची डाळ पाखडत बसलेली... दुपारच्या जीपनं सेनगाव, तिथून हिंगोली, पुढं पुणं. येऊन आठवडा होत आला, आणि ज्याच्यासाठी आला ते अजून या यंत्रात पडलंच नव्हतं.

ज्याच्यासाठी, म्हणजे ढावलो. तांड्यातली लेक सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, सुरात जे म्हणते ते. त्याच्या आईचा, मोतीबाईचा ढावलो आसपासच्या तांड्यांत नावाजलेला. लग्न ठरलेल्या पोरी तिच्याकडे शिकायला येऊन बसायच्या. आता त्या येत नाहीत, आता लग्नात मोठे भोंगे लागतात. पुण्याच्या कंपनीत, काचेच्या खोलीतल्या बैठकीत, तोच उठून म्हणाला होता, माझ्या आईकडून आणतो. यंत्रं आता गोरमाटी, बंजाऱ्यांची बोली, बोलणार आणि त्यांना ती शिकवणारा तांड्याचाच पोरगा... टाळ्या वाजल्या होत्या.

"आई, म्हण ना थोडं."

"काय म्हणू बापा? लई दिस झाले. इसरून गेले म्या."

सुपातून मान वर न काढता. मराठीत.

हे त्याला पहिल्या दिवशी खटकलंच नव्हतं, आणि खटकल्यापासून दुसरं काही सुचत नव्हतं. यंत्र बाहेर काढलं की ती मराठीत बोलायची — तिची ती बाजारची मराठी, सोयाबीन विकताना, दवाखान्यात, तलाठ्यापुढं वापरायची ती. तांड्याची रीतच आहे ही. वाटेवर परका दिसला की बायकांचं बोलणं वाक्याच्या मधूनच मराठीकडं वळतं, नांगराच्या ताशीच्या टोकाला बैल वळतो तसं, कोणाला सांगावं लागत नाही. यंत्र परकं, त्याच्यापुढं परक्याची भाषा. पहिल्या दिवशी तो हसला होता. हसतच यंत्र पिशवीत घातलं, चेन ओढली, आणि आई म्हणाली होती, "जेवतो का आता? भाकर गरम हाये."

यंत्र नव्हतं. घरात दोघंच होते. तरी मराठी.

कधीपासून? फोनवर तर तोच मराठीत बोलायचा. खोलीवरची पोरं ऐकायची, आणि पुन्हा-पुन्हा 'ही कोणती भाषा रे' हे सांगत बसायचा कंटाळा. गोरमाटीतल्या 'याडी'ची मराठी 'आई' झाली तीही तिकडंच, वसतिगृहात, एका रविवारी नाही, हळूहळू... आणि त्याचं काम तरी काय? माणूस बोलायला लागला की पहिल्या दोन-चार शब्दांत त्याची भाषा ओळखायची आणि यंत्रानं त्याच भाषेत उत्तर द्यायचं. एवढ्यासाठी एवढी माणसं, एवढी वीज, एवढे पगार. आणि इथं सूप हातात धरून बसलेल्या बाईनं त्याला ओळखलं होतं, त्याच्याच भाषेत उत्तर दिलं होतं. चूक काढायला जागा नव्हती. तो मनातल्या मनात पुन्हा तपासत होता — कुठंतरी चूक निघावी म्हणून...

शेजारची निर्मलाकाकी अंगणातूनच बोलत आली. गोरमाटीत. आईची मान झटकन वर झाली आणि दोघी सुरू झाल्या, एकीचं संपायच्या आत दुसरीचं: हरिचंदच्या बकरीनं म्हणे नव्या सुनेची ओढणी दोरीवरची खाल्ली, आणि हरिचंद बकरीला सोडून सुनेवरच ओरडला. आई हसत होती. हा आवाज आठवडाभर कुठं होता? देविदासही हसला. सगळं कळत होतं, शब्द न् शब्द.

काकी त्याच्याकडे वळली. "काय इंजिनेर, हसून राहिला! समजतं व्हय अजून?"

मराठीत.

"समजतं की, काकी."

"मग याडीला मशीनमधी भरून नेऊन राहिला म्हणं? मावती का एवढी? आडवी ठुतो का उभी?"

"भरू तरी द्या. तुमीच सांगा ना तिला."

"आरं, ढावलो काय हवेत म्हणतेत? गळा लागतो समोर."

"हा काय माझा गळा. पड म्हणा याच्यात."

सूप थांबलं. आईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "ते जाणारीनं म्हणायचं असतं. राहणारानं ऐकायचं. म्या कुठं चालले?"

काकीनं डाळीतला एक खडा वेचून दूर फेकला. कोंबडी तिकडं धावली आणि फसून परत आली.

मायक्रोफोन त्यानं टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाला घातला. टोपडं तेवढं खिशात राहिलं. ती तर कुठं चालली नाही, तिचं घर, तिची चूल, तिची बोली जिथल्या तिथं. मी चाललोय. मग म्हणायचं मीच... पण गडी म्हणतात कुठं, आणि म्हणायचं तर शब्द? ऐकलेले सगळे आहेत. म्हटलेला एक नाही.

सडकेपर्यंत आई सोबत आली, डाळीचं गाठोडं त्याला न देता स्वतःच कडेवर घेऊन. तो वाटभर एक वाक्य जुळवत होता. साधंच, 'तू माझ्याशी आपलं बोल' एवढंच. पण एका शब्दामागे मराठी उभी राहायची, दुसऱ्यामागे हिंदी, आणि वाक्य लंगडायचं. जीपचा धुरळा दिसला. सगळं सोडून तो एवढंच म्हणाला,

"याडी."

ती थांबली. गाठोडं कडेवरून निसटता-निसटता सावरलं. मोकळा हात वर आला, त्याच्या गालापर्यंत, आणि तिथंच थबकला. नजर त्याच्या खिशावर गेली, मग पिशवीवर.

"ते चालू हाये का?" तिनं हळूच विचारलं. बाजारच्या मराठीत.

"नाही गं, बंद आहे," तो म्हणाला. आणि म्हणून झाल्यावर ऐकलं, की तेही मराठीतच.

जीपमध्ये तो दोन माणसांच्या मध्ये बसला, मांडीवर गाठोडं. मागं वळून पाहायला जागा नव्हती. सेनगावच्या वाटेला लागताना गळ्यातून काहीतरी वर आलं. शब्द नव्हता, शब्दाच्या आधीचा तो हेल, पोरी शिकायला बसायच्या तेव्हा आई आधी नुसता हेलच काढून दाखवायची... शेजारच्यानं मान वळवली. "काय म्हणले सायेब?"

काही नाही, हे दोन शब्द जिभेवर तयारच होते. नेहमीचे, बिनचूक. देविदासनं तोंड उघडलं आणि ते आले नाहीत. खिशातल्या मुठीत टोपडं दाबलेलं होतं. त्यानं मूठ सैल केली, आणि वर आलेला तो हेल खाली ढकलायची घाई त्याला या वेळी झाली नाही.