होडीच्या पोटातलं पाणी

भाद्रपदातलं ऊन. धुतलेलं, धारदार, सोनसळी ऊन. माडांच्या झावळ्यांतून ठिबकत ते पुळणीवर उतरलं, आणि सारा पावसाळा निळ्या ताडपत्रीखाली निजलेल्या फायबरच्या होडीपाशी येऊन थबकलं.

रत्नप्रभाने ताडपत्री ओढली. कोंदट, आंबट, ओलाचिंब वास उसळला. बाकांवर बुरशी फुलली होती: काजळकाळी, शेवाळहिरवी, कापूसपांढरी. वर्तुळात वर्तुळ, वलयात वलय. आणि एका कुशीला कललेल्या त्या होडीच्या तळाशी पाणी. निश्चल, नितळ, मौनधारी पाणी.

पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला ती आणि तिचा धाकटा दीर सगुण ही होडी चालवत. सगुणने नाक दाबलं.

"कुजली ही, वयनी. इकून टाकूया. मी गोव्याक जातंय, दुसऱ्याच्या होडयेर."

शब्द काळजात रुतले. होडी गेली की हातातलं सुकाणू गेलं. सुकाणू गेलं की समुद्र नुसता काठावरून बघायचा. पण त्या दुःखाच्याही आधी तिच्या मनात एक प्रश्न लखलखला.

"ताडपत्री फाटूक नाय. मगे पाणी इला खयसून?"

"पावसाचाच आसतला."

तिने पाणी उपसलं, फडक्याने तळ टिपून घेतला. दुसऱ्या सकाळी, रात्रभर आभाळ चांदण्यांनी निथळत असतानाही, पाणी पुन्हा तिथेच. तळहाताएवढं, चकाकतं, खट्याळ पाणी. तिने बोट बुडवलं. जिभेला लावलं. थुंकली. आणि हसली.

"सगुणा, ह्या पावसाचा नाय. खारा आसा!"

समुद्र! गेल्या मोसमातला समुद्र, होडीच्या दुहेरी तळाच्या पोकळीत दडलेला, अंधारात झिरपणारा समुद्र! पण शिरला कुठून?

ती गुडघ्यांवर बसली आणि बोटांच्या पेरांनी तळ वाजवू लागली. टण्. टण्. कोरडा, मोकळा, घुमणारा नाद. सगुण लांब उभा होता. मग जवळ आला. मग तोही गुडघ्यांवर, कान लावून. टण्. टण्. मागच्या बाकाच्या पायाशी नाद अचानक विझला. थप्. तिथे एक स्क्रू सैल झालेला, आणि त्याच्याभोवती केसाएवढी भेग. होडीत उडालेलं लाटांचं पाणी इथूनच आत शिरलं होतं, आणि होडी कलली तसं इथूनच परत झिरपत होतं.

"इतक्याच जाग्यार?" सगुण कुजबुजला.

"इतक्याच. बाकी सगळी सुकी आसा."

तो घरी गेला, ड्रिल आणि करवत घेऊन आला. थाळीएवढं भोक कापलं. होडी तरंगती राहावी म्हणून आत भरलेला, आता भिजून जड झालेला पिवळा फोम त्याने मुठीमुठीने उपसला; मागोमाग पाणी उसासत बाहेर आलं. ती बाकांवरून व्हिनेगरचं फडकं फिरवत होती. बुरशीची वलयं एकेक करून मिटत होती.

"गोव्याक कधी जातंस?" तिने मान वर न करता विचारलं.

"आणि ही भेग कोण बुजयतलो?" तो म्हणाला, तसाच मान वर न करता.

माध्यान्ह झाली. सूर्य माथ्यावर आला आणि त्या भोकातून अलगद आत उतरला. होडी घडली तेव्हापासून जिथे उजेड पोचला नव्हता, त्या ओल्या, शिंपलीशुभ्र पोकळीत प्रकाशाची एक गोल चकती पडली. दोघांनी डोकी जुळवून आत पाहिलं. रत्नप्रभाने मनगटापर्यंत हात घातला, आणि तिच्या तळव्यावर ऊन येऊन बसलं. उबदार, थरथरतं, सोनेरी, शांत.