ओल्याला हात लावू नका

मेस्त्रींच्या बायकोचे सगळे दात काढले त्याला आज चौथा दिवस. चार दिवसांत तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि तोंडातून शब्द म्हणून काढला नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात आणा, सलाईन लावू. मेस्त्रींची पाचावर धारण बसली. चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना गिलावा केला, पण घरच्या गॅसची आणि त्यांची कधी ओळख नव्हती.

मुलीनं फोनवर सांगितलं, "बाबा, हम्मस करा. काबुली चणे उकळत्या पाण्यात तासभर भिजवायचे, मऊ शिजवायचे, तिळाच्या पेस्टबरोबर वाटायचे. लिंबू, लसूण, मीठ. चावावं लागत नाही."

"म्हणजे माल कालवायचा," मेस्त्री म्हणाले. "एवढंच ना!"

एवढंच कसलं! चण्यांची सालं काढता काढता कंबरडं मोडलं. पण खडा राहिलेला माल त्यांनी कधी भिंतीला लावला नाही, तो बायकोच्या हिरड्यांना कसा लावतील? एकेक चणा सोलला. तीनदा वाटला, चाळणीतून काढला. मग नव्याकोऱ्या थापीनं ताटात पसरून असा घोटला की त्यात तोंड बघावं. वरून तेलाचा हात मारला.

बायकोनं ताटाकडे पाहिलं, मग मेस्त्रींकडे. आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ बोट ओढलं.

"ओल्याला हात..." मेस्त्रींच्या तोंडून कामावरच्या सवयीनं निघालंच. त्यांनी जीभ चावली.

तिनं बोट चाटलं. गिळलं. कपाळाला आठी पडली.

"अहो," ती बोबडं बोलली, "मीठ कुठाय?"

"मुद्दाम नाही घातलं. मालात मीठ गेलं की भिंतीला लोणा फुटतो. पापुद्रे सुटतात."

"माझ्या पोटाला?"

खारट वाळूच्या गाड्याच्या गाड्या मेस्त्रींनी परत पाठवल्या होत्या; हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"काय बाई माणूस आहे! आणा मीठ. आणि चमचा."

चार दिवसांनी बोलणी खाऊन मेस्त्रींच्या जिवात जीव आला. डोळे भरले, ते त्यांनी लसणावर ढकललं. मीठ आणलं, चमचा आणला. थापी हाताशीच होती. बोटाचा तो चर बुजवायला एक फटकारा पुरला असता.

त्यांनी थापी धुऊन पिशवीत टाकली, आणि ताट निम्मं उकरून होईपर्यंत समोर बसून राहिले.