दोन दगडू, शून्य फौजदार

“‘बंद अवस्थेत’ म्हणजे मेलेलं ना?” कार्ड डोळ्यांजवळ धरून शकुने विचारले.

नेत्रा गोंधळली. ती टॉवरच्या सांस्कृतिक समितीची चिटणीस होती आणि ‘कालचं तंत्र’ या प्रदर्शनाची कल्पना तिचीच होती. ग्रामोफोन, टाइपरायटर, डबडा कॅमेरे यांच्या रांगेत तिने एका काचेच्या पेटीची जागा राखून ठेवली होती. त्या पेटीवरचे कार्ड सांगत होते: ‘घरगुती संगणक, अंदाजे १९८५. छंद म्हणून जोडलेला. बंद अवस्थेत.’

“तसं नाही काकू. चालू करायचा नाही, एवढंच. समितीला शॉर्टसर्किटची भीती वाटते.”

“मग आम्हाला कशाला बोलावलंस? मेलेल्याला खांदा द्यायला चार जण लागतात. आम्ही दोघंच आहोत.”

टेबलाखाली गुडघ्यांवर बसून प्लगची जागा शोधणारा तिचा नवरा भीमराज हसला, पण वर आला नाही. त्याचे म्हणणे एका वाक्यात मावणारे होते आणि ते त्याने आठवडाभर आधीच सांगून ठेवले होते. यंत्र तुमच्या लॉबीत कायमचे ठेवा, माझ्या घरात आता त्याला जागा नाही. मात्र पेटीत जाण्यापूर्वी ते एकदा चालले पाहिजे. नेत्राने शब्द दिला होता, समितीने तो परत घेतला होता. शेवटी दोघांच्या मधला रस्ता म्हणून तिने पाहुणे येईपर्यंतची मुभा दिली. तोवर चालले तर कार्ड बदलायचे. नाही चालले, तर काच लावायची आणि ‘बंद अवस्थेत’ हेच त्या यंत्राचे चरित्र.

स्मरणरंजन ही ज्यांना काही सोडावे लागले नाही त्यांची चैन असते. ज्यांना सोडावे लागले त्यांच्याकडे आठवणी टांगायला भिंत उरत नाही. प्रदर्शन भरले होते ते टॉवरचे क्लब हाऊस जिथे उभे होते, तिथे भीमराजची बैठी चाळ होती. मुलुंडच्या कारखान्यांत राबणाऱ्यांनी आधी पत्र्याची उभारलेली, मग विटांची केलेली. टॉवरच्या गुळगुळीत माहितीपत्रकात मात्र ‘मोकळ्या भूखंडावर साकारलेले संकुल’ असे छापले होते. इतिहास लिहिणाऱ्यांना मोकळा भूखंड नेहमीच प्रिय. त्यावर आधीचा कोणी साक्षीला उभा राहत नाही. चाळकऱ्यांना मागच्या बाजूला पुनर्वसनाची इमारत मिळाली आणि तिला स्वतंत्र फाटकही मिळाले. आज पुढच्या फाटकावर रखवालदाराने भीमराजला नाव विचारून रजिस्टरमध्ये लिहायला लावले. ज्या जागी त्याच्या दाराला कधी कुलूप नव्हते, त्या जागी तो पाहुणा म्हणून आला होता.

पण भीमराजच्या अंगी कटुता मुरतच नसे. मीटरच्या कारखान्यात तो वायरमन होता, आणि फुटपाथवरच्या रद्दीत त्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा सापडला तेव्हापासून त्याचे सगळे रविवार ठरून गेले होते. त्या मासिकांना एक वास होता: शाई, ओल आणि मधल्या पानांत कोणीतरी विसरलेली तंबाखू. इंग्रजी त्याला अर्धेमुर्धे समजे, आकृत्या पूर्ण समजत. एका अंकात ‘घरी संगणक बनवा’ असा लेख निघाला. लॅमिंग्टन रोडवरून एकेक चिप, भंगारातल्या हिशेबयंत्राचा कळफलक, पडद्याच्या जागी घरचा काळा-पांढरा टीव्ही, असे करत करत वर्षभरात ते यंत्र उभे राहिले. चाळीने त्याला आधी वेडा ठरवले आणि मग इस्त्री दुरुस्तीला दिली.

यंत्राला काम सांगायचे तर मासिकात छापलेले आकडे त्यात एकेक करून टाकावे लागत. पानेच्या पाने आकडे. शून्य ते नऊ हे दहा, आणि त्यांच्या जोडीला इंग्रजीतली पहिली सहा अक्षरे. एकट्याने पान पाहून टाकायचे म्हणजे ओळ चुकायची. म्हणून शकु वाचे आणि भीमराज टाके. ती सातवी शिकलेली, अक्षरे ओळखीची. पण बी, सी, डी, ई यांचा उच्चार चाळीच्या गलक्यात एकच ऐकू येई. दोन संध्याकाळी फुकट गेल्यावर शकुनेच तोड काढली. ए म्हणजे अक्का, बी म्हणजे बबन, सी म्हणजे सीताबाई, डी म्हणजे दगडू, ई म्हणजे एकनाथ. सगळे शेजारीच. एफला माणूस मिळेना, तेव्हा चाळीच्या कुत्र्याला मान मिळाला. त्याचे नाव फौजदार.

मग रोज संध्याकाळी त्या खोलीतून आवाज येई: “दोन दगडू, शून्य फौजदार, बबन तीन.” नव्याने आलेल्या एका बिऱ्हाडाची समजूत झाली की इथे भुते उतरवतात.

अडचण एकट्या दगडूची होती. तो भिंतीपलीकडे राहत असे, कारखान्यात लेथवर काम करणारा, हाकेला तत्पर. नाव ऐकले की येऊन दारावर टकटक करी. “वहिनी, हाक मारली?” शकु पानावरचे बोट न हलवता सांगे, “तुम्हाला नाही भाऊजी, मशीनला.” “बरं,” म्हणून तो जाई आणि पुढच्या ओळीला पुन्हा येई. आपल्या नावाची कोणाला तरी गरज आहे, ही गोष्ट त्याला इतकी आवडली होती की नंतर नंतर तो दाराबाहेरच उकिडवा बसू लागला. त्यामुळे दोघांना एक सवय जडली. ‘दगडू’ म्हटले की शकु क्षणभर थांबे, भीमराजचा हात थांबे, टकटक होई, आणि मग गाडी पुढे जाई.

आता कॅसेटला बुरशी आली होती. तिच्यावर साठवलेले आकडे गेले होते. भीमराजने यंत्राचे कपॅसिटर बदलले होते, सोल्डर पुन्हा मारले होते. आकडे मात्र पुन्हा वाचावे लागणार होते.

“वाच,” तो म्हणाला.

शकुने चष्मा पुसला, मासिकाचे पिवळे पान उघडले, त्यावर बोट ठेवले आणि संगमरवराच्या त्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात सुरुवात केली. “तीन एकनाथ, शून्य शून्य. सीताबाई दोन, फौजदार अक्का.”

झुंबर पुसणारा माणूस शिडीवर थबकला. नेत्रा मोबाइल विसरून जवळ आली. तिने एकदा विचारले, एकदा हसली, आणि मग कोण कोण ते समजून घेऊन पानात डोके घालून उभी राहिली. टीव्हीवर आकडे उमटत होते. भीमराजची बोटे आधी अडखळली, मग त्यांना जुनी लय सापडली. शकुचा आवाज चढला. मोकळ्या भूखंडावरची माणसे एकेक करून हजेरी देऊ लागली. सीताबाई, जिच्या चुलीवर अर्धी चाळ चहा प्यायली. बबन, जो मोर्चाला निघताना निळा झेंडा खांद्यावर असा टाकी की जणू उपरणे. एकनाथ, अक्का. आणि शेपटी हलवत फौजदार. यांपैकी एकही पुनर्वसनाच्या इमारतीत पोचला नव्हता.

पान संपले. भीमराजने हात झटकला आणि शेवटची कळ दाबली.

पडद्यावर निरर्थक चिन्हांचा कचरा पसरला.

बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. समितीचा एक गृहस्थ काच घेऊन आलाच.

“मी बरोबर वाचलं,” शकु म्हणाली.

“मी बरोबर टाकलं.”

“चाळीस वर्षं हेच ऐकतेय.”

भीमराज उत्तर द्यायला वळला आणि त्याला दिसले की नेत्रा पडद्यावर आकडे मागे नेत, पानाशी ताडून पाहत होती. तिने काचवाल्याला हातानेच थोपवले. तिचे बोट शेवटच्या ओळींपर्यंत आले आणि थांबले.

“काका,” ती हळूच म्हणाली, “इथे एकनाथनंतर दगडू राहिलाय.”

भीमराजने पाहिले. खरेच राहिला होता. शकुने ते नाव वाचले होते, सवयीने थांबली होती. त्याचाही हात सवयीने थांबला होता, मान दाराकडे वळली होती. टकटक झाली नाही. तिची वाट पाहता पाहता कळ दाबायचीच राहून गेली आणि शकु पुढच्या आकड्यावर गेली.

हे त्याने कोणाला सांगितले नाही. शकुला सांगायची गरज नव्हती; तिचीही मान दाराकडेच वळलेली त्याने पाहिली होती.

“तिथून परत घे,” तो म्हणाला.

“एकनाथ,” शकु म्हणाली. “दगडू.” या वेळी ती थांबली नाही. त्याने कळ दाबली.

उरलेल्या ओळी झाल्या. पडदा काळा झाला, आणि डाव्या कडेने एक पांढरा ठिपका निघाला. शेंगदाण्याएवढा, जाडाभरडा, अतिशय आनंदी ठिपका. तो पडदाभर धावत उजव्या कडेपर्यंत गेला. शिडीवरच्या माणसाने टाळी वाजवली. नेत्राने कार्ड घेतले, ‘बंद अवस्थेत’ खोडले, क्षणभर विचार केला आणि विचारले, “बनवणाऱ्यांची नावं काय लिहू?”

“सगळ्यांची लिही,” भीमराज म्हणाला. “कुत्र्याचंसुद्धा.”

ठिपका कडेवर आदळला. यंत्राच्या छोट्या स्पीकरमधून आवाज आला: टक. ठिपका परतला, दुसऱ्या कडेला लागला. टक.

शकुचे बोट अजून पानावरच होते.

“हो भाऊजी,” ती पडद्याकडे न पाहता म्हणाली, “तुम्हालाच हाक मारली.”