स्वप्नाचं दळण

"आये, मला बी हात लावू दे की खुंट्याला!"

मित्रांनो, हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो काढणारीचे पाय आईच्या मांडीवरून जमिनीपर्यंत पोचत नव्हते. आई म्हणाली, "लाव. पर बोटं सांभाळ." आणि एक इवलासा हात माझ्या खुंट्यावर आईच्या हाताखाली येऊन बसला. वजन चिमणीएवढं, पण ऐट अशी, की जणू तीच मला फिरवते आहे.

मी एक जुनं जातं आहे. नांदूरघाटात राधाकिशनच्या अंगणात, लिंबाच्या सावलीला माझा मुक्काम असतो. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला चित्रातच पाहिलं असेल. दोन काळे गोल दगड, एकावर एक. खालचा हलत नाही, वरचा थांबत नाही. वरच्याच्या तोंडात मूठ मूठ दाणे घालायचे, खुंटा धरून गरगर फिरवायचं, की कडेनं पीठ झरतं. एवढंच माझं काम. पण एवढ्यावर मी किती घरांची भूक भागवली, ते माझं मलाच ठाऊक.

माझा जन्म लिंबागणेशचा. तिथल्या पाथरवटानं मला छिन्नीनं घडवलं. प्रत्येक घाव लागला, पण आज वाटतं, त्या घावांमुळेच मला दात आले. राधाकिशनशी वच्छलाबाईचं लग्न झालं तेव्हा तिच्या वडिलांनी मला आंदण दिलं. बैलगाडीत मागे मी, आणि मला टेकून नवी नवरी. सगळ्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मीही दगडच, मी काय बोलणार! पण माहेराहून निघालेले आम्ही दोघं, त्या वाटेनं जे जवळ आलो ते कायमचे.

गावात गिरणी होती, पण लाईट असायची थोडी. म्हणून ज्वारीचं दळण पुष्कळदा माझ्यावरच व्हायचं. डाळ, हळद, मीठ तर माझंच. तांबडं फुटायच्या आत वच्छलाबाई बसायची आणि गायची.

जात्या रं सोयऱ्या, तू बी माझ्या माहेराचा,
तुलाच सांगते, ठाव माझ्या अंतराचा.

मित्रांनो, तुम्हाला एक गुपित सांगतो. जे माणसांना सांगता येत नाही, ते बाई जात्याला सांगते. मी घरघरत असतो ना, त्यामुळे भिंतीपलीकडच्या शेजारणीला सूर जातो, शब्द जात नाहीत. वच्छलाबाई आयुष्यात जे काही मनातलं बोलली, ते माझ्याशी. माणसांपुढे ती फार जपून बोलायची. पोरगी स्वप्ना मांडीवर बसून हे सगळं ऐकत मोठी झाली.

पुढे लाईट टिकायला लागली, मिक्सर आला, आणि माझी घरघर बंद पडली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाईच्या दंडाला आराम मिळाला, तो मिळायलाच हवा होता. दुःख झालं ते वेगळ्याचं. राधाकिशननं माझा खुंटा उपटून नेला आणि शेळी बांधायला ठोकला. करडं माझ्यावर उड्या मारू लागली. कोंबडी तर मला आपलंच समजायची. स्वप्नाचंही लग्न होऊन ती पुण्याला गेली. मग माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाही.

गेल्या वर्षी, आखाड तोंडावर आला असताना, स्वप्ना परत आली. हातात एक बॅग, एक फोन. बीडच्या कोर्टात तिचा घटस्फोट झाला होता. नवरा-बायकोचा संसार कायद्यानं वेगळा होतो, त्याला घटस्फोट म्हणतात. का झाला, ते ती सांगेल तेव्हा सांगेल. तो तिचा हक्क, माझा नाही.

ती पायावर पाणी घेते न घेते तोच शेजारची कडूबाई कुंपणाशी हजर. "पोरगी आली वाटतं गं वच्छले? एकटीच?"

वच्छलाबाईचा हात सुपातच थांबला. "आखाडाला आलीय," ती म्हणाली. "आखाडात पोरी येतातच की माहेराला."

"नव्या नवऱ्या येतात, बाई. हिच्या लग्नाला किती वर्सं झाली?"

"माहेर काय जुनं होतंय व्हय?"

उत्तर झकास होतं, पण खोटं होतं. स्वप्नानं आईकडे पाहिलं. आईनं सुपाकडे.

तिथून एक मजेशीर आणि वाईट गोष्ट सुरू झाली. आपल्याकडे लेकीनं माहेरी यायला वर्षभर निमित्तं असतात. आखाड सरला तेव्हा वच्छलाबाईनं सांगितलं, पंचमीला थांबलीय. पंचमीचे झोके सुटले, मग महालक्ष्म्या. महालक्ष्म्या उठल्या, मग दिवाळी. दिवाळीनंतर संक्रांतीचं वाण. एकेक सण ती आपल्या लेकीपुढे पडद्यासारखा धरत गेली. स्वप्नाला मात्र एकच गोष्ट हवी होती. आईनं एकदा, कुणासमोर तरी, खरं सांगावं.

आता फोनचं ऐका. त्या घरात रेंज कुठंच यायची नाही. घरात नाही, ओट्यावर नाही, गोठ्यात नाही. यायची ती फक्त लिंबाखाली, बरोबर माझ्यावर. स्वप्ना फोन उंच धरून अंगणभर फिरली, माझ्यावर येऊन बसली, आणि फोन टिंग टिंग वाजू लागला. "घ्या!" ती हसून म्हणाली. "आमच्या जात्याला रेंज हाय!" परत आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती. सांगायला हरकत नाही, माझी छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, कोंबडीला हुसकलं आणि माझ्यावर बसून लिहू लागली. लिहिताना ओठांत पुटपुटायची तिला सवय आहे, त्यामुळे मला सगळं कळायचं. ब्लॉग म्हणजे काय हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. मला एवढंच समजलं, की आपल्या मनातलं लिहायचं आणि ते ओळखदेख नसलेल्या माणसांनी कुठंतरी दूर वाचायचं. मी मनात म्हटलं, हे तर माझंच काम! फक्त इथं घरघर नाही. इथं शब्दच ऐकू जातात.

ब्लॉगला तिनं नाव दिलं 'दळण'. स्वतःचं नाव मात्र टाकलं नाही. सायलीनं, म्हणजे तिच्या चुलतबहिणीनं, विचारलं, "ताई, नाव कावून न्हाई टाकलं?"

"आई लोकांना सांगंल, तवा टाकीन," स्वप्ना म्हणाली. "तिच्या आधी मी सांगितलं, तर ती गावात खोटी पडंल."

पहिलं लिखाण होतं भाकरीवर. दोघांच्या मापानं पीठ घ्यायची सवय हाताला कशी लागली होती, आणि आता आपल्या एकटीच्या भुकेचं माप हात पुन्हा कसं शिकतो आहे, यावर. ते फार थोड्यांनी वाचलं. त्यातल्या एकीनं, लातूरच्या एका नर्सबाईनं, खाली लिहिलं, 'डबा खाताना वाचलं. माझाही हात शिकतोय.' स्वप्नानं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग पदरानं डोळे पुसून तिनं दुसरं लिहायला घेतलं.

लिहीत गेली. आधारकार्डावरचं नाव बदलायला रांगेत उभी राहिली त्यावर. यात्रेत एकटीनं पाळण्यात बसली त्यावर. बापाच्या शेळ्या घेऊन माळावर गेली आणि मोठ्यांदा गायली त्यावर. सुरुवातीला तिचे शब्द रडके होते. संक्रांतीपर्यंत त्यांना दात आले. आणि एका दुपारी ती माझ्यावर तळहात टेकवून आपलीच ओवी पुटपुटली:

दळण सरलं, माझ्या सुपात थोडं दाणं,
मोडला संसार, माझं मोडलं न्हाई गाणं.

मित्रांनो, मी दगड आहे. पण त्या दिवशी मला गहिवरून आलं.

वच्छलाबाई हे सगळं ऐकत होती बरं का! सायली ओट्यावर बसून ब्लॉग मोठ्यानं वाचायची आणि वच्छलाबाई तिच्याकडे पाठ करून डाळ निवडायची. चांगलं नाही, वाईट नाही, एक शब्द नाही. फक्त वाचन संपेपर्यंत तिची डाळ कधी संपायची नाही. एकदा संपली, तर तिनं निवडलेलीच डाळ पुन्हा सुपात ओतली. हे स्वप्नाला दिसलं नाही. मला दिसलं.

मग यंदा आला धोंड्याचा महिना. या अधिक महिन्यात लेक-जावयाला बोलावतात, जावयाला अनारशांचं वाण देतात. कडूबाईनं कुंपणावरून नेमका तिथंच बोट ठेवलं. "जावई येणार आसंल की धोंड्याला?"

"सुट्टी न्हाई त्यास्नी," वच्छलाबाई म्हणाली. "अनारसे धाडणार हाय पुण्याला. यष्टीनं."

आणि खरं सांगतो, शेजारपाजारी वास जावा म्हणून तिनं खरोखर अनारसे तळले! तांदूळ भिजवले, गूळ घातला, खसखस लावली, सगळं रीतसर. डबा भरला, वर फडकं बांधलं, पिशवीत घालून कडूबाईच्या दारावरून स्टँडकडे गेली आणि मागच्या वाटेनं तीच पिशवी घेऊन घरी आली. डबा गोधड्यांच्या चळतीमागे गेला.

तो स्वप्नाला सापडला. तिनं आईला काही विचारलं नाही. डबा घेऊन माझ्याजवळ आली, सायलीला हाक मारली, आणि दोघींनी ते अनारसे खाल्ले. आधी हसत, मग स्वप्ना रडत, मग पुन्हा हसत. त्याच दुपारी तिनं लिहिलं, 'जावयाचे अनारसे मी खाल्ले.' त्यात आईची चेष्टा नव्हती. शेवटी लिहिलं होतं, 'माझी आई माझ्यासाठी एवढं खोटं तळू शकते, तर एक दिवस माझ्यासाठी खरंही बोलेल. तोवर मी थांबते. अनारसे मात्र थांबले नाहीत, फार खुसखुशीत होते.'

ते लिखाण हातोहात पसरलं. कुठल्या कुठल्या गावांतून बायांनी लिहिलं. कुणी आपल्या आईबद्दल, कुणी आपल्या लपवलेल्या डब्याबद्दल. आणि फिरत फिरत ते कडूबाईच्या सुनेच्या फोनवर आलं. नाव नव्हतं, पण नांदूरघाटात धोंड्याचे अनारसे यष्टीनं धाडणारी दुसरी कोण होती?

धोंडा संपला आणि सायलीच्या लग्नाची घाई सुरू झाली. लग्नाची हळद जात्यावर दळायची असते आणि भावकीत जातं उरलं होतं ते मीच. राधाकिशननं शेळीचा खुंटा उपटला, धुतला, माझ्यात पुन्हा बसवला. टाकी घेऊन त्यानं स्वतः माझे बोथटलेले दात ठोकून जागे केले. तो कमी बोलणारा माणूस. दगडाची भुकटी फुंकताना एवढंच म्हणाला, "गड्या, लई दिवस बशिवलं तुला."

माझ्या कडेनं रांगोळी निघाली. खुंट्याला हळकुंड बांधलं. इतक्या वर्षांनी माझ्याभोवती बायांचा गराडा पडला. सगळ्या भावकीतल्या, आळीतल्या. स्वप्ना मात्र ओट्याच्या खांबाशी उभी होती. तिच्या फोनमध्ये ब्लॉगला वर्ष झाल्याचं लिखाण तयार होतं. सकाळीच माझ्यावर बसून पुरं केलं होतं. नावाची जागा तेवढी कोरी होती.

सायली हळदीच्या पाटावर बसायच्या आधी म्हणाली, "ताई, ये ना, तुझा हात लागू दे."

"आगं थांब," कडूबाई म्हणाली. "सवाष्णींचा हात लागतो हळदीला. पाच जणी आमी हावोत की." मग तिनं गालात हसत वच्छलाबाईकडे पाहिलं. "आन हिचा तर आता कसला सण बी न्हाई राहिला. का गं वच्छले, पोचले का अनारसे पुण्याला?"

दोघी-तिघी खुदकन हसल्या. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. स्वप्ना वळून घरात जायला निघाली.

इथं मी जरा थांबतो, मित्रांनो. मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. घरात एखादं जुनं जातं असेल, पाटा-वरवंटा असेल, तर त्याला अडगळ म्हणू नका. हात फिरवा, टाकी लावा, ते पुन्हा फिरतं. आणि घरात कुणी परत आलं असेल, तर त्याला किती दिवसांसाठी आलास, असं विचारू नका. दगडाला इतकी वर्षं कुणी काही ऐकवलं नाही तरी तो ऐकू येण्याची वाट बघतो. माणूसही बघतो. वर्षभर माझ्या लेकीनं, हो, मी तिला लेकच म्हणणार, वाट बघितली आणि वाट बघता बघता लिहीत राहिली. याचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा मी दळलेल्या सगळ्या पिठाचा नाही.

तर स्वप्ना वळली. आणि वच्छलाबाई माझ्यापाशी येऊन बसली. तिनं मूठभर हळकुंडं माझ्या तोंडात टाकली, खुंटा धरला. मला वाटलं, आता ही नेहमीसारखी फिरवील, माझी घरघर होईल आणि शब्द बुडून जातील. पण तिनं मला फिरवलंच नाही. खुंटा घट्ट धरून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं, ती गायली:

सण सारं सरलं, आता सबब कशाला,
लेक माझी घरी, उजेड माझ्या उंबऱ्याला.

कडूबाईनं डोक्यावरचा पदर उगीच पुढे ओढला.

"अनारसे पुण्याला गेले न्हाईत, कडूबाई," वच्छलाबाई म्हणाली. "माझ्या लेकीनं खाल्ले. तिच्यासाठीच तळले व्हते म्हन. आन ती आखाडाला न्हाई आलती, दिवाळीला न्हाई आलती." खुंटा धरूनच ती पुढे म्हणाली, "घटस्फोट झाला तिचा. ती घरी आली हाय, आन हितंच राहणार हाय. ती लिहिती ते मी पाठ फिरवून ऐकते. एकदा ऐकून माझं मन भरत न्हाई."

मग तिनं मागे वळून खांबाकडे हात केला. खुंट्यावर आपल्या हाताखाली जागा ठेवली.

"ये स्वप्ने. लाव हात. आन दळून झालं, की नाव टाक तिथं तुझं. पुरं नाव टाक."